हिशेब ही अमानत : चोरीचे नको, मुक्त सॉफ्टवेअर हवे

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. कोथरूडला पौड रोडच्या आतल्या बाजूला आमच्या सोसायटीतल्या बायकांचा एक छोटा बचत गट आहे. आम्ही बारा जणी. कुणाची ओळख हळदीकुंकवातली, कुणाची ईदच्या शीरखुर्म्यातली. दरमहा प्रत्येकीचे २०० रुपये. मी शिक्षिका, म्हणून हिशेब माझ्याकडे आला आणि मी तो वहीतून संगणकावर नेला.

वार्षिक बैठकीच्या संध्याकाळी सगळ्या आमच्या घरी जमल्या. मी फाइल उघडली, तर पडद्यावर सूचना आली की हे सॉफ्टवेअर अधिकृत नाही. आकडे दिसत होते, पण नवा आकडा लिहिता येत नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बाई, आपली वहीच बरी होती." तेवढ्यात नववीतल्या माझ्या मुलीने विचारले, "अम्मी, हे आपण विकत घेतलं नव्हतं का?"

नव्हते घेतले. संगणक घेताना दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, सगळं टाकून देतो." काय टाकले, कुठून आणले, हे मी विचारले नाही. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांना समज देणारी मी, बारा जणींच्या पैशांचा हिशेब मात्र चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत होते. ज्याने मेहनतीने वस्तू बनवली त्याचा हक्क बुडवून ठेवलेला हिशेब स्वच्छ कसा म्हणायचा?

अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाचीने मार्ग सांगितला. "खाला, लिबरऑफिस घे. त्यातलं कॅल्क म्हणजे हिशेबाचं पत्रकच. पैसे पडत नाहीत आणि चोरीही होत नाही."

मुक्त म्हणजे नेमके काय?

दुकानातून ड्रेस घेतला तर आपल्याला फक्त ड्रेस मिळतो. त्याचा कागदी नमुनाही कुणी दिला, आणि "हवा तसा बदला, शेजारणीलाही द्या" असे म्हटले, तर ते मुक्त. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मूळ संगणकीय लिखाण, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुला असतो. वापरण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. त्यामुळे एकाच प्रतीवरून दहा घरांत बसवले तरी कुणाचा हक्क मारला जात नाही.

एका शाळकरी मुलापासून सुरुवात

आकड्यांचे पत्रक संगणकावर प्रथम लोकप्रिय झाले ते १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या व्हिजिकॅल्कमुळे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या बेरजा आपोआप बदलतात, ही त्याची करामत. लिबरऑफिसचे मूळ मात्र जर्मनीत आहे. १९८० च्या दशकात मार्को बोरीस या शाळकरी मुलाने स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती विकत घेतली आणि २००० मध्ये तिच्या स्टारऑफिसचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस तयार झाले.

पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. आपल्या कामाचे आता काय होणार, या काळजीने त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेगळी वाट धरली आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन उभे केले. जानेवारी २०११ मध्ये लिबरऑफिसची पहिली आवृत्ती आली. मालक बदलला तरी काम थांबले नाही, कारण सोर्स कोड सर्वांचा होता. आज जगभरातले स्वयंसेवक आणि काही कंपन्या मिळून त्यात भर घालतात. वर्षाला साधारण दोन मोठ्या आवृत्त्या निघतात.

आमची चूक कॅल्कमध्ये सापडली

कॅल्कमध्ये एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी मावतात. २०२२ च्या ७.४ आवृत्तीपासून स्तंभही १६,३८४ झाले. आपल्याला एवढे लागत नाही. आपल्याला लागतात त्या छोट्या सोयी. गुणांच्या रकान्यात ० ते १०० याबाहेरचा आकडा स्वीकारू नये असे बंधन घालता येते. हप्ता थकला की तो चौकोन आपोआप लाल करता येतो. गाळणी लावून एकाच सदस्येच्या नोंदी पाहता येतात. सगळ्यात मोलाची सोय म्हणजे बदलांची नोंद. कोणता आकडा कधी आणि कुणी बदलला, हे फाइलच सांगते.

जुनी फाइल कॅल्कमध्ये उघडली, तेव्हा मी बेरीज बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिली. पासबुकात ६०० रुपये जास्त! छातीत धस्स झाले. कॅल्कमध्ये 'डिटेक्टिव्ह' नावाची सोय आहे. बेरजेत कोणते चौकोन धरले आहेत, ते ती निळ्या चौकटीने आणि बाणाने दाखवते. चौकट अकराव्या सदस्येपाशीच संपत होती. नोव्हेंबरमध्ये आलेली बारावी सदस्य चौकटीच्या बाहेर. तिचे तीन हप्ते बँकेत होते, पण आमच्या बेरजेत नव्हते. सूत्र मीच चुकीचे लिहिले होते. सॉफ्टवेअर कोणतेही असो, सूत्र चुकले तर ते चुकीचेच उत्तर चोख देते.

मराठी, उर्दू आणि घरचा हिशेब

लिबरऑफिसचे मेनू मराठीतही मिळतात. विंडोजवर बसवताना 'कस्टम' निवडून भाषांच्या यादीत मराठीवर खूण करावी. आकडे लाख-कोटीच्या पद्धतीने, म्हणजे १,२३,४५६ असे, दाखवता येतात. देवनागरीसाठी लोहितसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. ते रेड हॅटने उपलब्ध केले. त्या कंपनीचे पुण्यातही कार्यालय आहे.

उर्दूच्या निकालपत्रकासाठी मी 'शीट' मेनूत जाऊन पत्रक उजवीकडून डावीकडे फिरवते. पहिला रकाना उजवीकडे येतो आणि नावे वाचायला सोपी जातात. नस्तालीक अक्षरांसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा मुक्त फॉन्ट चांगला आहे.

घरात मी जकातीसाठी एक पत्रक केले आहे. शिल्लक, सोन्याचे वजन आणि त्या दिवसाचा भाव, उसने दिलेले पैसे, द्यायचे कर्ज, आणि शेवटी चाळिसावा हिस्सा. काय धरायचे आणि काय वजा करायचे, हे जाणत्या आलिमांना विचारावे. पत्रकाचे काम फक्त गणिताचे.

शिकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात कॅल्कचे छोटे-छोटे पाठ मराठीतून मोफत आहेत. ऐकत-ऐकत सोबत करून पाहायचे. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेलीलाही ते जमले.

थोडी सावधगिरी

डाउनलोड फक्त लिबरऑफिसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. तिथे देणगी मागतात, पण ती ऐच्छिक आहे. एक्सेलच्या फाइली कॅल्कमध्ये उघडतात आणि त्याच प्रकारात जतनही होतात. मात्र कधी मांडणी हलते, आणि एक्सेलसाठी लिहिलेले मॅक्रो चालतीलच असे नाही. माझ्या फाइलमधले एक बटण बंद पडले. त्याचे काम आता हाताने करते. मूळ प्रत कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस प्रकारात ठेवावी. तो ज्या ओडीएफ मानकाचा भाग आहे, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याचे नियम खुले असल्याने उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही फाइल उघडता येईल. फाइलला पासवर्ड घातला तर तो सुरक्षित जागी लिहून ठेवा. विसरलात तर हिशेब कायमचा बंद.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, चोरीच्या सॉफ्टवेअरची आणि ६०० रुपयांची. क्षणभर कुणी बोलले नाही. मग ती बारावी सदस्य म्हणाली, "ताई, सांगितलंत म्हणून बरं वाटलं." आता दर महिन्याला फाइलची प्रत बाराही जणींकडे जाते. काकूंचा नातू ती त्यांना उघडून दाखवतो, आणि काकू पासबुक हातात धरून एकेक आकडा ताडून पाहतात. वही त्यांनी अजून सोडलेली नाही. मीही त्यांना सोडायला सांगितलेली नाही.