नेटकेपणाचा हिशेब

मराठींत ‘नटणें’ आणि ‘नेटकें असणें’ हे दोन प्रयोग कानाला जवळचे वाटतात. पण त्यांचा संसार अगदीं निराळा आहे. नटण्याला प्रसंग लागतो, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे पाहणारा लागतो. नेटकेपणाला यांतलें कांहींच लागत नाहीं. त्याला लागतें पाणी, ऊन, सुई-दोरा आणि रोजचा अर्धा तास. आजच्या भाषणांत मी बोलणार आहें तें या दुसऱ्या गोष्टीविषयीं, आणि तेंहि ज्या घरांत महिन्याच्या विसाव्या तारखेला पैशांची ओढाताण सुरू होते त्या घरासाठीं.

हा विषय क्षुल्लक आहे, असें कित्येक श्रोत्यांना वाटेल. परंतु कचेरींत, इस्पितळांत किंवा नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळते कीं तो दारापाशींच ताटकळतो, हें पुष्कळदां त्याच्या सदऱ्याच्या गळपट्टीवरून ठरतें. हा न्याय चांगला आहे असें मी म्हणत नाहीं. उलट तो वाईटच आहे. पण ज्याला उद्यां सकाळीं त्या दारांतून आंत जावयाचें आहे, त्याला जगाची रीत सुधारेपर्यंत थांबतां येत नाहीं.

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सतरा-अठरा किलोमीटरांवर देवळी लागतें. तालुक्याचें गांव, भोंवतीं काळी जमीन आणि कापसाचें शिवार. याच तालुक्यांतील पुलगांवला आणि पलीकडे हिंगणघाटला एकोणिसाव्या शतकांतच कापडगिरण्या उभ्या राहिल्या. २०२४ सालीं वर्ध्यापासून देवळीवरून कळंबपर्यंत आगगाडी सुरू झाली. सकाळीं वर्ध्याला कामासाठीं अगर शिक्षणासाठीं जाणाऱ्या तरुण मंडळींकडे पाहिलें, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्यांच्या घरच्या शेतांत पांढराशुभ्र कापूस पिकतो, त्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर कृत्रिम धाग्याचें कापड असतें. कापूस गठ्ठे बांधून बाहेर जातो आणि पॉलिएस्टर बाजारांतून घरीं येतें!

याबद्दल त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. टेरिकॉटचा सदरा रात्रीं धुतला तर सकाळीं वाळलेला असतो, त्याला इस्त्री फारशी लागत नाहीं आणि तो लवकर फाटतहि नाहीं. ज्याच्यापाशीं दोनच सदरे आहेत त्याला ही सोय कांहीं लहान नव्हे. तथापि वर्ध्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हां या कापडाचा खरा गुण कळतो. कापसाचा धागा साध्या हवेंत आपल्या वजनाच्या शेंकडा आठांच्या सुमारास ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर शेंकडा अर्धाहि धरीत नाहीं. त्यामुळें सुती कापड घाम शोषून घेतें व तो हळूहळू हवेंत सोडतें. कृत्रिम कापडाखालीं घाम अंगावरच राहतो. शिवाय अंगाचें तेल या धाग्याला चिकटून बसतें आणि त्याचा वास एका धुण्यानें जात नाहीं. म्हणून ज्याला दिवसभर लोकांत वावरावयाचें आहे त्यानें निदान उन्हाळ्यापुरते तरी दोन सुती सदरे बाळगावे.

आतां सुती कापड महाग पडतें, ही तक्रार येणार. येथें मला वर्ध्याच्याच एका हिशेबनिसाची आठवण करून द्यावीशी वाटते. जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनिसाचें काम शिकून आलेले, पुढें अमेरिकेंत अर्थशास्त्राचा अभ्यास केलेले गृहस्थ. विलायती पोशाख टाकून त्यांनीं खादी घेतली आणि १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम वर्ध्याच्या मगनवाडींत बसून केलें. तेथेंच १९३८ सालीं मगन संग्रहालय उघडलें; हातकताईचीं आणि ग्रामोद्योगांचीं साधनें आजहि तेथें पाहावयास मिळतात. वस्तूची किंमत दुकानांत संपत नाहीं, ती वस्तु किती टिकते आणि तिच्यामुळें कोणाच्या घरीं चूल पेटते हेंहि पाहिलें पाहिजे, असा कुमारप्पांचा एकंदर विचार होता. त्यांतला दुसरा भाग आज बाजूला ठेवूं. पहिला भाग आपल्या कपाटाला लावून पाहूं.

समजा, एक सदरा अडीचशें रुपयांना मिळाला. पण पंचवीस वेळां घालतांच तो विटला. दुसरा सहाशें रुपयांना घेतला आणि तो दीडशें वेळां घालतां आला. पहिल्याला दर वेळीं दहा रुपये पडले, दुसऱ्याला चार. हिशेब सोपा आहे. अडचण एवढीच, कीं गरिबाच्या हातांत सहाशें रुपये एकदम येत नाहींत, आणि म्हणून स्वस्त वस्तु त्यालाच सर्वांत महाग पडते. यावर माझा उपाय सामान्य आहे. वर्षांतून चार कपडे घेण्याऐवजीं दोन घ्यावे, तेहि कापूस विकल्यावर किंवा पगारांत थोडी भर पडेल त्या महिन्यांत. घेतांना शिवण उलटी करून पाहावी, कापड चिमटींत धरून उजेडासमोर ताणून पाहावें, आणि रंग असे निवडावे कीं कोणताहि सदरा कोणत्याहि विजारीवर चालेल. खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे. बाकीचें कमी-जास्त शिंपी करून देतो. खांदा मात्र त्याच्याहि हातचा राहत नाहीं.

घेतलेल्या कपड्याचें खरें आयुष्य धुण्याच्या दगडावर ठरतें. काळ्या खडकांतून झिरपलेलें विहिरीचें पाणी बहुधा जड असतें. ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं त्यांत साबणाला फेसहि येत नाहीं, हें प्रत्येक गृहिणी जाणते. त्याचें कारण असें, कीं पाण्यांतील चुन्याचा अंश साबणाशीं मिळून त्याचा चोथा बनवितो. हा चोथाच कापडाच्या धाग्यांत अडकून बसतो आणि पांढरा सदरा राखेच्या रंगाचा दिसूं लागतो. मग आपण आणखी साबण लावतों, म्हणजे आणखी चोथा घालतों! अशा पाण्यांत आधीं थोडा धुण्याचा सोडा विरघळवून घ्यावा. चुना खालीं बसतो आणि पुढें थोड्या साबणांत काम भागतें. रेशमी व लोकरीच्या कपड्यांना मात्र सोडा लावूं नये. त्यांना रिठ्याचें पाणी उत्तम. रिठ्याच्या सालींत फेस आणणारें द्रव्य असतें आणि तें या नाजूक धाग्यांना जपतें. पावसाचें पाणी जड नसतें, म्हणून पागोळीखालीं एक बादली ठेवण्याची आपल्या आजीची संवय अडाणीपणाची मुळींच नव्हती.

गळपट्टी आणि बाह्यांचीं टोकें आधीं भिजवून, साबण लावून, बोटांनीं चोळावीं. सगळा सदरा दगडावर आपटण्याची गरज नसते. आपटण्यानें मळापेक्षां बटणेंच लवकर निघतात. कांखेंत घामाचे पिवळे डाग पडले म्हणून तेथें विरंजक चूर्ण ओतणारे लोक आहेत. त्यानें डाग कित्येकदां अधिकच पिवळा होतो आणि धागा कुजतो.

नीळ ही खरोखर मोठी मौजेची वस्तु आहे. ती मळ काढीत नाहीं, ती डोळ्याला फसविते. जुनें पांढरें कापड पिवळसर होतें. पिवळ्यावर किंचित् निळी छटा पडली कीं दोन्ही एकमेकींना मारतात आणि डोळ्याला पांढरें दिसतें. ही भुकटी पाण्यांत पुरती विरघळत नाहीं, नुसती तरंगत राहते. म्हणून ती फडक्याच्या पुरचुंडींत बांधून पाण्यांत फिरवावी, आणि कपडा त्या पाण्यांत बुडवून लगेच काढावा. नाहीं तर निळे ओघळ पडून बिचारा मनुष्य रंगपंचमीहून आल्यासारखा दिसतो.

खळ देण्याची चाल शहरांतून जवळजवळ उठली. तिचा उपयोग केवळ कडकपणासाठीं आहे असें मानलें जातें, पण तो निम्माच आहे. भाताच्या पेजेचा पातळ थर धाग्यावर बसतो, त्यामुळें रस्त्याची धूळ धाग्यांत न शिरतां खळीवर बसते आणि पुढच्या धुण्यांत खळीबरोबर निघून जाते. देवळीसारख्या धुळीच्या गांवीं याहून स्वस्त संरक्षण नाहीं. पेज गाळून घ्यावी, ताजी असावी. आंबलेल्या पेजेचा वास सदऱ्याला दिवसभर येतो.

इस्त्रीचें मर्म विस्तवांत नाहीं, ओलाव्यांत आहे. सुती धागा ओला झाला कीं त्याच्या आंतील बांधणी सैल होते, आणि तो ज्या स्थितींत वाळेल त्याच स्थितींत पुन्हां घट्ट होतो. चोळामोळा होऊन वाळला तर सुरकुत्या पक्क्या. सरळ वाळला तर सरळ. म्हणून कपडा फार न पिळतां जोरानें झटकावा, शिवणी हातानें ताणाव्या, आणि दोरीवर न टाकतां खुंटाळ्यावर अडकवून उलट्या बाजूनें वाळवावा. उलट्या बाजूनें अशासाठीं, कीं ऊन जसें पांढरें अधिक पांढरें करतें तसें रंगीत कापडाचा रंगहि खातें. इतकें केल्यावर जी इस्त्री लागेल ती थोडी. पूर्वीं पितळी तांब्यांत निखारे भरून तोच कपड्यावरून फिरवीत, आणि विजार नीट घडी करून गादीखालीं ठेवीत. गादीची युक्ति अजून चालते, आणि तिला विजेचें बिल येत नाहीं.

आतां शिवण-टांक्याकडे येतों. आपल्याकडे जुन्या लुगड्याला दंड घालीत. बसून-उठून मधला भाग विरला कीं तेवढा कापून टाकावयाचा, आणि दोन धड टोकें एकमेकांना जोडावयाचीं. नेसल्यावर तो जोड निऱ्यांत लपून जाई. ही केवढी शहाणी कला! हीच युक्ति सदऱ्याला लागते. गळपट्टीची घडी विरली कीं शिंप्याकडून ती उसवून उलटी करून घ्यावी. आंतली कोरी बाजू वर येते आणि सदरा आणखी एक-दोन वर्षें निघतो. आजचे कांहीं शिंपी हें काम टाळतात, पण जुन्या बाजारांतला म्हातारा शिंपी अजून तें करतो. बटण तुटल्यास चौघांत एक निराळें लावण्यापेक्षां चारी बदलावीं. रफू करावयाचें तें त्याच कापडाच्या आंतल्या पट्टींतून ओढलेल्या धाग्यानें.

ठिगळाची लाज वाटण्याचें कारण नाहीं. ज्या वऱ्हाडांत गाडगे महाराज जन्मले तो मुलूख वर्ध्याला लागूनच आहे. १८७६ ते १९५६ या त्यांच्या आयुष्यांत अंगावर चिंध्या जोडलेलें वस्त्र आणि हातांत खराटा हा त्यांचा वेष होता, आणि त्याच वेषांत त्यांनीं गांवोगांव स्वच्छता शिकविली. अर्थात् मुलाखतीला कोणी चिंध्या घालून जावें असें मी सुचवीत नाहीं. फाटणें आणि मळणें या दोन गोष्टी आपण एकच समजतों, त्या एक नाहींत, एवढेंच म्हणणें आहे.

देहाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. नखें कापलेलीं, दांत घांसलेले, केंस वेळच्या वेळीं कापलेले आणि त्यांत तेल इतकेंच कीं तें कपाळावर उतरूं नये. शिकेकाईंतहि रिठ्यासारखेंच फेसाचें द्रव्य असतें व ती केंसांना रुक्ष करीत नाहीं. डोळे मात्र मिटून घ्यावे. टांचांच्या भेगांवर रात्रीं पाय धुऊन खोबरेल चोळावें. चपलेला आठवड्यांतून एकदां पॉलिश करावें, आणि ती भिजली तर चुलीजवळ वा उन्हांत न ठेवतां सावलींत वाळवावी. कातडें एकदम तापलें तर ताठरतें आणि चिरतें.

पण एका खर्चाबद्दल मला कठोरपणें बोललें पाहिजे. तो म्हणजे गोरें होण्याच्या मलमाचा. ज्या घरांत नवी चप्पल घ्यावयास चार महिने विचार चालतो, त्याच घरांत मुलीच्या लग्नाच्या काळजीनें हीं मलमें दर महिन्याला येतात. त्यांतल्या कित्येकांत पारा सांपडलेला आहे, आणि पारा कातडीवाटे आंत जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. कांहींत स्टेरॉइड असतें. त्यानें पहिले कांहीं आठवडे चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पुढें कातडी पातळ होते, तांबडी पडते, पुरळ येतो, आणि मलम थांबवितांच सगळें दुपटीनें उफाळतें. २०१८ सालीं सरकारनें स्टेरॉइडच्या अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विक्री बंद केली, ती कारण असल्यावांचून नव्हे. मुलीचा रंग हा दोषच नव्हे; त्यावर औषध शोधणें हाच दोष आहे. त्या पैशांत तिला अंगाला बसणारे दोन पोलके शिवून होतील, आणि तिचा चेहराहि शाबूत राहील.

प्रवासाचा प्रश्न उरला. घरून कितीहि नेटकें निघालें तरी उन्हाळ्यांत वर्ध्याला पोहोंचेपर्यंत घाम आणि धूळ यांनीं सगळ्या मेहनतीचें पाणी होतें. ज्याला महत्त्वाच्या कामाला जावयाचें आहे त्यानें सदरा पिशवींत सैल गुंडाळून न्यावा, कारण गुंडाळीला घडीसारखी रेघ पडत नाहीं. जुना सदरा घालून प्रवास करावा, उतरल्यावर तोंड, मान व हात धुवावे, ओल्या पंचानें अंग पुसावें आणि मग तो सदरा चढवावा. सोबत कंगवा, एक सुई ओंवलेली आणि दोन बटणें असावीं.

पावसाळा लागण्यापूर्वीं जे कपडे पेटींत ठेवावयाचे, त्यांची खळ पुरती धुऊन काढावी. खळीवर बुरशी येते आणि कसर लागते. चांगले कडकडीत वाळवून, पूर्ण निवल्यावर, सावलींत सुकविलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडींत बांधून त्यांबरोबर ठेवावा. दसऱ्याच्या सुमारास आभाळ निवळलें, कीं सगळे कपडे एकदां बाहेर काढावे, झटकावे, शिवणी तपासाव्या. दिवाळीच्या खरेदीची यादी त्यानंतर करावी.