जुना संगणक नव्या विंडोजचा भार पेलेल का?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २९ जुलै २०१५ला आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. सिल्वासातील दुकानांच्या गल्ल्यांपाशी, कर सल्लागारांच्या कचेऱ्यांत, शाळांच्या संगणक कक्षांत आणि आमळी-मसाटच्या कारखान्यांत तिच्यावर काम करणाऱ्यांपुढे आता एकच प्रश्न आहे: आहे त्या संगणकावर ‘विंडोज ११’ बसेल, की नवा संगणक घ्यावा लागेल?

आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. सकाळी तो नेहमीसारखा सुरू होतो, देयके छापतो आणि पत्रव्यवहार करतो. थांबते ती सुरक्षेची दुरुस्ती. प्रणालीत नवे छिद्र सापडले तर ते बुजवणारा कोणी उरत नाही. २०१७च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. त्याने वापरलेल्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेल्यांना फटका बसला. ज्या संगणकावर वस्तू व सेवा कराची विवरणे भरली जातात, त्याच्या मालकाने हा धोका क्षुल्लक मानू नये.

‘विंडोज ११’च्या अटी कागदावर सौम्य दिसतात. चार जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि दोन गाभ्यांचा, चौसष्ट बिटांचा प्रोसेसर एवढे बहुतेक जुन्या यंत्रांतही असते. (चार जीबीत ही प्रणाली सुरू होते इतकेच, काम सुखाने व्हायचे तर आठ जीबी हव्यात आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी.) खरी अडचण तीन गोष्टींची असते. पहिली ‘सिक्युअर बूट’. संगणक सुरू होताना चढणाऱ्या आज्ञावलीवर अधिकृत स्वाक्षरी आहे की नाही, हे ती तपासते. दुसरी ‘टीपीएम २.०’, म्हणजे गुप्त कळा जपून ठेवणारी सुरक्षित तिजोरी. तिसरी आणि सर्वांत कठोर अट प्रोसेसरच्या पिढीची: इंटेलचा असेल तर साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिका किंवा पुढची.

यांतील पहिल्या दोन अटींवर पुष्कळदा विनाकारण पैसे खर्च होतात. २०१६नंतरच्या बहुसंख्य संगणकांत टीपीएम प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते, फक्त बायोसमध्ये ते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते ‘पीटीटी’ या नावाने, तर एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ते चालू केले की ‘अपात्र’ ठरलेला संगणक पात्र होऊ शकतो. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी ‘बिटलॉकर’ची पुनर्प्राप्ती कळ लिहून ठेवावी, अन्यथा स्वतःच्याच डेटापुढे कुलूप लागण्याचा धोका आहे. जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बसवलेली विंडोज थेट ‘यूईएफआय’वर वळवली तर ती सुरूच होत नाही. आधी डिस्कची रचना बदलावी लागते आणि त्यासाठी लागणारे साधन ‘विंडोज १०’मध्येच आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर केलेले बदल वीज जाताच पुसले जातात. तीही पाहून घ्यावी.

प्रोसेसरच्या अटीवर मात्र इलाज नाही. इथेच जुन्या संगणकांच्या बाजारात ग्राहक फसतो. ‘आय-सेव्हन आहे’ असे विक्रेता सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते पुरेसे वाटते. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून. २०१३चा आय७-४७७० चौथ्या पिढीचा म्हणून अपात्र, तर २०१७ अखेरचा साधा आय३-८१०० आठव्या पिढीचा म्हणून पात्र. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर हा आकडा दिसतो, आणि मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे विनामूल्य साधन कोणती अट अडते तेही सांगते. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोरच ते चालवून पाहावे.

अटी चुकवून ‘विंडोज ११’ बसवून देणारेही पुष्कळ आहेत. ती बसतेही. परंतु अशा संगणकाला पुढची अद्यतने मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४च्या आवृत्तीत प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट सूचना असणे अनिवार्य झाले आणि फार जुनी यंत्रे कायमची बाहेर पडली. घरच्या संगणकावर हा प्रयोग करावा, पेढीच्या हिशेबाच्या संगणकावर करू नये.

थोडी सवड हवी असणाऱ्यांसाठी कंपनीने मुदतवाढ ठेवली आहे. घरगुती वापरकर्त्याला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळू शकतात. त्यासाठी सेटिंग्ज कंपनीच्या मेघावर जतन कराव्या लागतात किंवा ३० डॉलरएवढी रक्कम भरावी लागते. मायक्रोसॉफ्टचे खाते दोन्ही मार्गांना लागते. संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर पडतात आणि दर दुरुस्ती-वर्षाला दर दुप्पट होतो. शिक्षणसंस्थांसाठी हाच दर पहिल्या वर्षी अवघा एक डॉलर आहे. मोडकळीस आलेल्या शाळांच्या संगणक कक्षांनी ही सवलत अवश्य विचारात घ्यावी.

शाळांपुढे आणखी एक वाट आहे, लिनक्सची. केरळच्या सरकारी शाळा ती वर्षानुवर्षे चोखाळत आल्या आहेत, आणि सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही याच घराण्यातली. चौथ्या-पाचव्या पिढीच्या यंत्रावर ती सहज चालते, युनिकोड मराठीही टंकता येते. व्यापाऱ्याची गोष्ट निराळी. टॅली विंडोजवरच चालते, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांची श्रीलिपीसारखी जुनी टंकप्रणालीही तशीच. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर ओळखले जाते का, हेही आधी तपासावे.

कारखान्यातील यंत्राला जोडलेला संगणक हा अपवाद. त्याचे नियंत्रण करणारी आज्ञावली नव्या विंडोजवर चालेलच असे नाही, म्हणून तो बदलण्याची घाई करू नये. त्याची इंटरनेटची जोडणी काढावी, कचेरीच्या जाळ्यापासून तो वेगळा ठेवावा, आणि पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू देऊ नये.

शेवटी जे संगणक खरोखरच निकामी ठरतील, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नयेत. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच ते जायला हवेत. तिथे देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसावी. ग्राहकांचे पॅन आणि आधार क्रमांक तिच्यात असतात, आणि केवळ ‘डिलीट’ केल्याने ते जात नाहीत.