विकावी कीं उघडावी?

नीतिशतकांत भर्तृहरीनें धनाच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: दान, उपभोग व नाश. भिवंडींतील एका परिचित कुटुंबांत वडिलांच्या पश्चात् कपाटांत ‘ओमर खय्याम’ नामक फेसाळ द्राक्षमद्याची बंद बाटली निघाली, तेव्हां आम्हांस त्याचीच आठवण झाली. धाकटे बंधु म्हणाले, विकावी. थोरले म्हणाले, वडिलांचें स्मरण करून उघडावी. आणि मातोश्रींस तर ती घरांतच नको!

हें मद्य जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं शॅम्पेनच्या पद्धतीनें १९८० नंतरच्या दशकांत होऊं लागलें व विलायतेसही जाई. तो कारखाना आतां उरला नाहीं. म्हणून दुर्मिळ वस्तूस मोल येईल, हा धाकट्यांचा तर्क. परंतु परवान्यावांचून मद्य विकणें १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें अपराध होय. शिवाय मोल केवळ जुनेपणास नसून जपणुकीस असतें. २०१० सालीं बाल्टिक समुद्रांत बुडालेल्या एका जहाजांत शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सांपडल्या. तळच्या थंडीनें व अंधारानें त्यांतील कांहीं पावणेदोनशें वर्षें टिकल्या, आणि २०११ मध्यें एकीस ३०,००० युरो आले. भिवंडीच्या उन्हाळ्यांत मात्र बूच आकसतें, वायु निसटतो व रस तपकिरी होऊन बेचव होतो.

तेव्हां विक्रीची वाट बंदच. आणि निर्णय लांबविणें म्हणजे नाश पत्करणें. ज्यांस मद्य वर्ज्य नाहीं त्यांनीं मातोश्रींचें मन राखून, अन्यत्र नेऊन, ती थंड करून जपून उघडावी. रस बिघडला असल्यास खुशाल ओतून द्यावा. जी वस्तु वांटतां येत नाहीं, ती वादास कारण होण्यापूर्वींच संपलेली बरी.