चुंबकाच्या जोरावर चीन

२०२५ च्या जुलैत पुण्याच्या बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीर सांगून टाकलं, की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. गिऱ्हाईक होतं, कारखाना सज्ज होता, कामगार हजर होते. अडलं होतं ते मोटरमधल्या चुंबकांवाचून. त्याआधी मे महिन्यात अमेरिकेत फोर्डचा शिकागोतला कारखाना आठवडाभर बंद राहिला आणि जपानमध्ये सुझुकीला स्विफ्टचं उत्पादन थांबवावं लागलं. तिन्ही ठिकाणचं कारण एकच होतं. ४ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगमधून एक आदेश निघाला होता.

डोनाल्ड ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर आयातशुल्क लादल्यावर दोनच दिवसांत चीनने हे उत्तर दिलं. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम या सात मूलद्रव्यांची आणि त्यांपासून केलेल्या चुंबकांची निर्यात परवान्याखाली आली. बंदी घातली नाही, फक्त अर्ज करायला सांगितलं. अर्जात माल कोण वापरणार, कशासाठी वापरणार, लष्करी कामासाठी जाणार नाही ना, हे सगळं लिहून द्यायचं. म्हणजे कोणत्या देशातला कोणता कारखाना कधी चालेल, हे चीनच्या वाणिज्य मंत्रालयातल्या एका टेबलावर ठरू लागलं. विमानवाहू नौका न हलवता एवढा वचक बसवता येतो, हे जगाने इतक्या स्पष्टपणे प्रथमच पाहिलं.

ही मूलद्रव्यं सतरा आहेत आणि त्यांना एकत्रितपणे रेअर अर्थ म्हणतात. ती जगात पुष्कळ ठिकाणी सापडतात. खरी अडचण खाणीनंतर सुरू होते. एकाच खनिजात ती एकमेकांत मिसळून येतात आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात, की वेगळी करता करता नाकीनऊ येतात. खनिज आम्लात विरघळवून ते द्रावण शेकडो टाक्यांमधून एकापाठोपाठ एक फिरवावं लागतं. प्रत्येक टाकीत किंचितसा फरक पडतो आणि शेवटी एकेक मूलद्रव्य हाती येतं. मग निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा मिश्रधातू वितळवायचा, त्याची काही मायक्रॉनची भुकटी करायची, चुंबकीय क्षेत्रात दाबून तिला आकार द्यायचा, हजार अंशांहून अधिक तापमानात भाजायची, कापायची, वर निकेलचा मुलामा द्यायचा. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम घालतात. सगळी मेख त्या थोड्याशा डिस्प्रोसियममध्ये आहे. आज जगातल्या शुद्धीकरणाचा आणि चुंबकनिर्मितीचा सुमारे नव्वद टक्के हिस्सा चीनकडे आहे.

हे साधलं कसं? इनर मंगोलियातली बायान ओबोची प्रचंड खाण हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे शू ग्वांगशिएन हे रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून ते १९५१ मध्ये मायदेशी परतले आणि पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना श्रमछावणीत पाठवण्यात आलं. तिथून सुटल्यावर १९७२ च्या सुमारास त्यांच्याकडे ही मूलद्रव्यं वेगळी करण्याचं काम आलं. कोणत्या टाकीत काय, किती आणि किती वेळ, याचं गणित त्यांनी बसवलं आणि कारखान्यांतल्या लोकांना शिकवलं. देशाने २००८ मध्ये त्यांना विज्ञानाचा सर्वोच्च पुरस्कार दिला. एका प्राध्यापकाने फळ्यावर मांडलेलं गणित पन्नास वर्षांनी साऱ्या जगाच्या वाहनउद्योगाला वेठीस धरू शकतं, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसऱ्या बाजूला अमेरिका हे क्षेत्र सोडत गेली. १९६० ते १९८० च्या दशकांत कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण जगाला माल पुरवत होती. स्वस्त चिनी माल आणि प्रदूषणाचे कडक नियम यांपुढे ती २००२ मध्ये बंद पडली. निओडिमियम चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे शोधला होता. पण जनरल मोटर्सने स्थापन केलेली मॅग्नेक्वेंच ही चुंबक कंपनी १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या समूहाला विकली गेली आणि कालांतराने यंत्रसामग्रीही चीनला गेली.

या वर्चस्वाची किंमत चिनी माणसांनीही मोजली आहे. इनर मंगोलियातल्याच बाओतोऊ शहराबाहेर किरणोत्सारी गाळाचा अवाढव्य तलाव साचला. दक्षिणेकडे जिआंग्शी प्रांतात रसायनं सोडून डोंगरच्या डोंगर धुऊन काढले गेले. आता तोच उद्योग म्यानमारच्या काचिन प्रांतात सरकला आहे. यादवीने पोळलेल्या त्या मुलखातली माती सीमेपलीकडे जाते आणि तिथल्या नद्या नासतात. आपल्या विजेवरच्या गाडीच्या हिशेबात हे पाणी धरलंच पाहिजे.

इशारा तसा जुनाच होता. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौकेची जपानी तटरक्षक जहाजांशी टक्कर झाली, कप्तानाला अटक झाली आणि चीनकडून जपानला जाणारा रेअर अर्थचा माल अडला. जपानने धडा घेतला. ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला, साठे केले, पर्याय शोधले. बाकीचे देश भाव उतरताच सारं विसरले. माउंटन पास पुन्हा सुरू करणारी मॉलिकॉर्प कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण चिनी दरांपुढे तिचा टिकाव लागला नाही.

संरक्षणाचा भाग याहून गंभीर आहे. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेने दिलेल्या आकड्यांनुसार एका एफ-३५ लढाऊ विमानात सुमारे ४१८ किलो रेअर अर्थ सामग्री लागते. २०२२ मध्ये या विमानातल्या एका चुंबकाचा मिश्रधातू चिनी निघाला, तेव्हा पेंटागॉनने विमानांची सुपूर्दगी काही काळ थांबवली होती. ज्याच्याशी उद्या गाठ पडेल म्हणून शस्त्र घडवायचं, त्याच्याकडूनच त्याचा सुटा भाग घ्यायचा, असा हा पेच आहे.

९ ऑक्टोबर २०२५ ला चीनने पुढचं पाऊल टाकलं. आणखी पाच मूलद्रव्यं यादीत आली. शिवाय जगात कुठेही तयार झालेल्या वस्तूत किमतीच्या ०.१ टक्का जरी चिनी सामग्री असेल, तरी परवाना घ्यावा लागेल, असा नियम निघाला. संगणक चिप्सच्या बाबतीत अमेरिका चीनच्या हुआवे कंपनीवर जे हत्यार चालवत आली, तेच चीनने उचललं. ट्रम्प यांनी शंभर टक्के जादा शुल्काची धमकी दिली. पण ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ते शी जिनपिंग यांना भेटले आणि ऑक्टोबरचे नियम वर्षभरासाठी स्थगित झाले. एप्रिलची परवाना पद्धत मात्र उठली नाही.

आणि भारत? इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. आज आयआरईएल नावाने चालणाऱ्या या कंपनीचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या मोनाझाइट वाळूत निओडिमियम आहे. पण त्याच वाळूत थोरियमही असल्यामुळे सारा विषय अणुऊर्जा विभागाच्या कक्षेत राहिला आणि वाळूपासून चुंबकापर्यंतची साखळी कधी पुरी झालीच नाही. विशाखापट्टणमला आयआरईएलचा समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला, त्याची क्षमता वर्षाला तीन टन. लवकर सुरुवात करूनही आपण मागे राहिलो, याचं मला मनापासून दुःख आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला सहा हजार टन चुंबक देशात तयार करण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. पैशाची सोय झाली, पण खरी कसोटी पुढेच आहे. आपले कारखाने उभे राहतील, तेव्हा चिनी चुंबकांचे दर पडतील. मॉलिकॉर्पच्या वाट्याला हेच आलं होतं. अमेरिकेने आता माउंटन पासच्या नव्या मालकांना किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला आहे. आपल्या सरकारनेही तशी हमी द्यावी, आणि पुणे, चेन्नई, गुरुग्रामच्या वाहन कंपन्यांनी देशी चुंबक चार पैसे महाग पडला तरी दहा वर्षं घेत राहण्याचे करार आजच करावेत.