अरण्यातील पोवळे

अळंबी म्हटली, की कुजक्या लाकडावर उगवलेली पांढरी छत्री मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु सर्वच अळंब्या छत्रीसारख्या नसतात. मध्य युरोपातील बीच वृक्षांच्या अरण्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, पाचोळ्यातून समुद्रातील पोवळ्यासारखे एक फांद्याफांद्यांचे झुडूप डोके वर काढते. हीच प्रवाळ-अळंबी. तिच्यावर छत्री नसल्यामुळे तिचे बीजाणू फांद्यांच्या उघड्या अंगावरच तयार होतात.

जमिनीवर दिसते ते या वनस्पतिसदृश जीवाचे केवळ फळ होय. त्याचा खरा देह म्हणजे मातीत पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू बीचच्या मुळांना वेढून राहतात. ते झाडास पाणी व क्षार मिळवून देतात आणि झाड त्यांस शर्करा पुरवते. झाड व जाळे दोन्ही जागेवरच राहतात. म्हणून एकदा जेथे ही अळंबी आढळली, तेथे पुढील वर्षीही शोधावी. जाणते लोक आपल्या अशा जागा आप्तेष्टांनाही सहसा सांगत नाहीत!

शोधणे त्या मानाने सोपे, ओळखणे कठीण. पर्सून नावाच्या शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये अशा दोन जातींचे वर्णन केले. पहिलीस त्याने ‘बॉट्रिटिस’, म्हणजे द्राक्षांच्या घोसासारखी, असे नाव दिले. तिचा बुंधा जाड व पांढरा असतो, फांद्या फुलकोबीसारख्या दाट व आखूड असतात आणि शेंडे गुलाबी किंवा द्राक्षरसासारखे लाल असतात. जर्मन लोक तिला ‘कोंबड्याचा तुरा’ म्हणतात व आवडीने खातात. दुसरीचे नाव ‘फॉर्मोसा’, म्हणजे सुंदर. ते नाव खोटे नाही. तिचा बुंधा पांढरा, फांद्या गुलाबी-केशरी आणि शेंडे लिंबासारखे पिवळे असतात. जर्मन भाषेत तिला ‘तिरंगी पोवळे’ असे नाव आहे. मात्र ही सुंदरी पोटात गेली, की मळमळ, वांत्या, जुलाब व पोटात कळा सुरू होतात.

शेंडा लाल की पिवळा, एवढे पाहिले म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. कोवळ्या अळंबीच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. परंतु या अळंब्यांचे बीजाणू पिवळसर असतात. अळंबी जून झाली, की त्यांची धूळ फांद्यांवर साचते, शेंड्यांचा रंग उडतो आणि दोन्ही जाती सारख्याच मातकट दिसू लागतात. त्यातच दुधाळ कॉफीच्या रंगाची एक तिसरी जातही याच रानांत उगवते. तिचे जर्मन नाव ‘पोटदुखीचे पोवळे’ असे आहे. अनुभवावाचून असे नाव पडत नाही.

यासाठी जाणकार मनुष्य वरचे शेंडे मोडून घेत नाही. तो पाचोळा बाजूस सारून अळंबी बुंध्यासह अलगद काढतो, फांद्यांची दाटी पाहतो आणि शेजारी कोणती झाडे आहेत तेही ध्यानात ठेवतो. स्वित्झर्लंडमध्ये तर अनेक गावी अळंबी तपासणारे अधिकृत परीक्षक असतात. लोक रानातून येताना आपली टोपली त्यांच्यापुढे ठेवतात. जी अळंबी निश्चित ओळखता येत नाही, ती कितीही टवटवीत असली, तरी परीक्षक तिला टोपलीतून बाहेर काढतात.