लंडन–न्यूयॉर्क: विमान एक, भाव अनेक

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचं अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर. जायला आठेक तास लागतात, येताना वारा पाठीशी असल्याने तासभर कमी. हवाई वाहतुकीची आकडेवारी ठेवणाऱ्या ओएजी या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे ब्रिटिश एअरवेजने २०१७-१८ मध्ये या एका मार्गावर एक अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली. तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्याही कंपनीला एकाच मार्गावर एवढा गल्ला जमवता आला नव्हता. तरीही याच मार्गावर फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारचं जाऊन-येऊन तिकीट चारशे पौंडांच्या आत मिळून जातं आणि ऑगस्टमध्ये तेच दुपटीच्या आसपास पोचतं.

याचं कारण विमानाच्या पुढच्या भागात बसलेलं असतं. वॉल स्ट्रीट आणि लंडनमधली ‘सिटी’ यांच्यात बँकवाले, वकील, सल्लागार यांची सतत ये-जा असते. उद्याची मीटिंग आज ठरते आणि तिकिटाचे पैसे कंपनी भरते. या मंडळींच्या जोरावर फेरीचा बराचसा खर्च निघतो. मागे राहतात पर्यटक, विद्यार्थी आणि लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आई-बाप, म्हणजे आधीपासून तारीख ठरवणारे आणि दहा ठिकाणी भाव बघणारे लोक. विमानाचं दार एकदा बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. मग स्वस्तात किती सीटा विकायच्या आणि ऐनवेळी धावत येणाऱ्या पैसेवाल्यासाठी किती राखून ठेवायच्या?

या प्रश्नाचं उत्तर केन लिटलवूड यांनी १९७२ साली मांडलं. ते बीओएसी या तेव्हाच्या ब्रिटिश सरकारी विमान कंपनीत काम करत. त्यांचा नियम साधा होता. नंतर येणाऱ्या गिऱ्हाइकाचं महाग भाडं आणि ते गिऱ्हाईक खरोखर येण्याची शक्यता यांचा गुणाकार करायचा. आज हातात येणारं स्वस्त भाडं त्याहून जास्त असेल तोवर ते घेत राहायचं, नाहीतर सीट राखून ठेवायची. आजच्या बहुतेक विमान कंपन्यांची भाडं ठरवणारी यंत्रणा या नियमाच्या पायावर उभी आहे.

प्रवाशाला इकॉनॉमीतल्या सगळ्या सीटा सारख्या दिसतात. संगणकात मात्र त्यांचे इंग्रजी अक्षरांच्या नावाचे दहा-बारा गट केलेले असतात. सर्वांत स्वस्त गटातल्या मोजक्या सीटा संपल्या की पुढचा गट उघडतो. यातली एक खोच माहीत असलेली बरी. चौघांचं कुटुंब एकत्र तिकीट शोधत असेल आणि स्वस्त गटात तीनच सीटा उरल्या असतील, तर यंत्रणा चौघांनाही पुढच्या गटाचा महाग भाव लावते. म्हणून आधी एकाच माणसाचा भाव बघावा. तो कमी निघाला तर तिघांचं बुकिंग वेगळं आणि चौथ्याचं वेगळं करता येतं. मात्र फेरी रद्द झाली किंवा बदलली तर विमान कंपनीच्या लेखी ही दोन वेगळी कुटुंबं ठरतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढलं की स्वस्त पडतं, हा समज बराच पसरलेला आहे. बुकिंग कुठल्या वारी केलं याने फार फरक पडत नाही. प्रवास कुठल्या वारी आणि कुठल्या महिन्यात आहे याने पडतो. नाताळची गर्दी ओसरल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत अटलांटिकवर मंदी असते. थँक्सगिव्हिंगचे दिवस वगळता नोव्हेंबरही बरा असतो. शाळांच्या सुट्ट्या, ईस्टर आणि जुलै-ऑगस्ट यांत स्वस्ताईची आशा फारशी धरू नये.

अटलांटिकवरचं भाडं पूर्वी बाजारात ठरतच नसे. आयाटा या संघटनेच्या बैठकीत कंपन्या मिळून दर ठरवत आणि सरकारं त्यावर शिक्का मारत. आइसलँडची लॉफ्टलेदिर ही कंपनी त्या संघटनेबाहेर होती. ती रेक्याविकमार्गे स्वस्तात न्यायची, त्यामुळे साठच्या दशकातल्या विद्यार्थ्यांची आणि हिप्पींची ती लाडकी होती. मोठा सुरुंग लावला तो फ्रेडी लेकर या ब्रिटिश उद्योजकाने. २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याचं ‘स्कायट्रेन’ गॅटविकहून न्यूयॉर्कला उडालं. एकेरी भाडं होतं ५९ पौंड. आगाऊ बुकिंग नाही. रांगेत उभं राहायचं, त्याच दिवशीचं तिकीट काढायचं आणि जेवण हवं तर त्याचे पैसे वेगळे मोजायचे.

बड्या कंपन्यांनीही मग भाडी उतरवली. १९७९ मध्ये शिकागोला एका डीसी-१० विमानाला झालेल्या अपघातानंतर त्या जातीची विमानं काही आठवडे जमिनीवर ठेवावी लागली आणि लेकरची भिस्त त्याच विमानांवर होती. त्यात कर्ज डॉलरमध्ये, पौंड घसरलेला. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनीने गाशा गुंडाळला.

तेव्हापासून तोच खेळ नव्या नावांनी चालू आहे. पीपल एक्सप्रेसने १९८३ मध्ये नेवार्क ते गॅटविक १४९ डॉलरमध्ये न्यायला सुरुवात केली. तीही टिकली नाही. प्रायमेरा एअर २०१८ मध्ये बुडाली, आइसलँडची वॉव एअर २०१९ मध्ये. नॉर्वेजियनने २०२१ मध्ये लांब पल्ल्याची सेवाच बंद केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्ले ही आणखी एक आइसलँडी कंपनी थांबली. १९८४ मध्ये आलेली व्हर्जिन अटलांटिक तगली, पण पुढच्या भागातल्या श्रीमंत प्रवाशाला तिने कधी सोडलं नाही. उन्हाळ्यात भरलेलं विमान हिवाळ्यात रिकामं जातं आणि त्या चार महिन्यांत स्वस्त कंपनीचा श्वास कोंडतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या नॉर्स अटलांटिकने त्यावर तोड म्हणून आपली काही विमानं भाड्याने दिली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला सेवा सुरू केली ती नॉर्सच्याच बोइंग ७८७ विमानांतून.

कंपनी बुडाली तर तिकिटाचे पैसेही बुडू नयेत, यासाठी ब्रिटनमध्ये १९७४ चा ग्राहक कर्ज कायदा आहे. शंभर पौंडांहून महाग आणि तीस हजारांपर्यंतची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डावर थेट कंपनीकडून घेतली, तर कलम ७५ नुसार कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही.

भाड्याइतकंच लक्ष कराकडेही द्यावं लागतं. ब्रिटनहून उडणाऱ्या प्रवाशाला एअर पॅसेंजर ड्यूटी भरावी लागते. न्यूयॉर्कसाठी ती इकॉनॉमीत ९० पौंड होती, एप्रिल २०२६ पासून १०२ झाली. प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेस क्लास असेल तर २४४ पौंड. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत ती माफ आहे. न्यूयॉर्कहून परतताना हा कर नसतो, पुन्हा ब्रिटन सोडताना मात्र तो लागतोच.

आयर्लंडने असा कर २०१४ मध्येच रद्द केला. म्हणून अनेक लंडनकर डब्लिनहून प्रवास सुरू करतात. अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणीही डब्लिनलाच उरकते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग लागत नाही. पण डब्लिनला जायचं भाडं, सामानाचे पैसे आणि वेळ पडल्यास हॉटेलचा मुक्काम जमेला धरला की वाचलेले पौंड पुष्कळदा तिथेच जिरतात. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा पोचल्यास दुसरी कंपनी थांबत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी तर आयर्लंडच्या व्हिसाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा.

विमानतळाची निवडही हिशेबात धरायला हवी. हीथ्रोवर उतरण्या-उडण्याच्या वेळा इतक्या दुर्मीळ आहेत की ओमान एअरने २०१६ मध्ये त्यांच्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या होत्या. गॅटविक त्यामानाने स्वस्त, म्हणून कमी भाड्याच्या कंपन्या लेकरच्या काळापासून तिथेच दिसतात. समुद्रापलीकडे एडिसन किंवा जर्सी सिटीत भाऊ-बहीण राहत असतील, तर नेवार्क सोयीचं. जेएफकेचं तिकीट पन्नास डॉलरने कमी दिसलं तरी सगळं शहर ओलांडून न्यू जर्सीला जाणाऱ्या टॅक्सीत त्याहून जास्त जातात. शोधताना विमानतळाऐवजी दोन्हीकडे शहराचं नाव टाकावं, म्हणजे सगळे पर्याय एकत्र दिसतात.

सर्वांत कमी दिसणारं भाडं बहुधा फक्त हातातल्या बॅगेचं असतं. २०१८ पासून मोठ्या कंपन्याही अटलांटिकवर असं तिकीट विकतात. लोणच्याच्या बरण्या, लाडू आणि साड्या घेऊन निघालेल्याने मोठ्या बॅगेचे दोन्ही बाजूंचे पैसे आधीच मिळवून मगच तुलना करावी. आणखी एक पथ्य पाळावं. जाण्याचा टप्पा चुकवून नुसतं परतीचं तिकीट वापरता येत नाही. पहिल्या फेरीला प्रवासी आला नाही की कंपन्या बहुतेक वेळा पुढचा प्रवास रद्द करतात.

थोडा वळसा चालत असेल तर तिसऱ्या देशाच्या कंपन्याही बघाव्यात. एमिरेट्स मिलान ते न्यूयॉर्क आणि सिंगापूर एअरलाइन्स फ्रँकफर्ट ते न्यूयॉर्क उडते. एअर इंडियाने हेच १४ मे १९६० पासून केलं होतं. मुंबईहून निघालेलं तिचं बोइंग ७०७ लंडनला थांबून न्यूयॉर्कला जाई.

चांगला भाव दिसला आणि मन द्विधा झालं, तर अमेरिकेच्या परिवहन खात्याचा एक नियम कामी येतो. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचं तिकीट सात दिवस किंवा त्याहून आधी थेट कंपनीकडून काढलं, तर चोवीस तासांत ते रद्द करून पूर्ण पैसे परत मागता येतात. काही कंपन्या त्याऐवजी पैसे न घेता तोच भाव चोवीस तास राखून ठेवतात. एजंटांच्या संकेतस्थळांवर हा नियम बंधनकारक नाही. त्यामुळे भाव तिथे शोधला तरी तिकीट कंपनीच्या साइटवर काढावं, रात्री घरच्यांशी तारखा जुळवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपायच्या आत एकदा पुन्हा दर बघावा.