गोग्रास आणि पांजरपोळ

घरांत नैवेद्य दाखविला कीं पानांतला एक घांस बाजूस काढून तो गाईच्या मुखीं घालावयाचा, ही चाल ज्यांच्या लहानपणीं अद्याप जिवंत होती त्यांस एक गोष्ट सहज आठवेल. त्या घांसाची वेळ सहसा चुकत नसे आणि त्याचें मापहि फारसें वाढत नसे. सणावारीं पुरणपोळीचा, एरवीं वरणभाताचा, पण रोज. सोलापुरांत मुक्या प्राण्यांसाठीं एखादा नवा पांजरपोळ आणि त्यास लागून दवाखाना उभारावयाचा झाल्यास निधि कसा जमवावा, याचा विचार करूं लागलों तेव्हां आम्हांस प्रथम आठवला तो हा गोग्रास. या कामांत दान करणारे थोडे नाहींत. नियमानें देणारे थोडे आहेत, आणि सारी अडचण तेथें आहे.

सोलापूरचा प्रश्न मुंबई-पुण्याहून निराळा आहे. येथें वर्षाकाठीं पाऊस सरासरीनें वीस-बावीस इंच, आणि तोहि भरंवशाचा नव्हे. १८७६-७७ च्या महादुष्काळानें ज्या जिल्ह्यांना पहिला आणि जबर तडाखा दिला, त्यांत हा जिल्हा होता. १९७२ चा दुष्काळ तर अजून घरोघरच्या वृद्ध माणसांच्या बोलण्यांत येतो. अशा वेळीं माणूस गांव सोडतो, खडी फोडतो, पण जगतो. गुराचें तसें नाहीं. दावें सोडून देणें किंवा मिळेल त्या किंमतीस बाजार दाखविणें, एवढेच दोन मार्ग धन्यापुढें उरतात. खिलार बैलाची खांदेजोड पोटच्या पोरासारखी वाढविणारा शेतकरीहि त्या वेळीं हात टेकतो, आणि त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार ज्याच्या दारांत एकहि जनावर नाहीं अशा शहरवासीयास पोंचत नाहीं.

या भागाचें खरें पशुधन पोसलें गेलें तें शाळूवर. मोहोळच्या संशोधन-केंद्रावर निवडलेलें 'मालदांडी ३५-१' हें वाण आज जवळजवळ शतकभर रब्बीच्या रानांत टिकून आहे. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असे ज्वारीच्या एकाच ताटाचे दोन वांटेकरी असत. पुढें १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झालें, ऊंस वाढला, आणि गव्हाणींत कडब्याच्या जागीं उंसाचें वाढें आलें. वाढें हिरवें दिसतें खरें, पण त्यांतील ऑक्झलेट शरीरांतला चुना बांधून टाकतें. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय पोटभर खाऊनहि झिजत जाते. जाणते गोपालक त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. फुकट मिळालें म्हणून ट्रकभर वाढें उतरवून घेणाऱ्या संस्थाचालकांनीं एवढें तरी शिकून घेतलें पाहिजे.

आतां अशा संस्थेच्या दारीं येतें तरी कोण? गाय हें त्याचें अर्धेंच उत्तर झालें. नांगराला न चालणारा म्हातारा बैल येतो. १९१५ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे २०१५ सालीं राज्याच्या कायद्यानें बैलाच्या कत्तलीसहि बंदी केली. बैलाचा जीव राखला गेला, परंतु त्याच्या पुढच्या आठ-दहा वर्षांच्या वैरणीचा बोजा कोणीं वाहावा, तें धन्यावरच सोपविलें गेलें. संकरित गाईचा गोऱ्हा येतो. त्याला ना खांदा ना किंमत. विटा वाहून पाठ सोलटलेलें गाढव येतें, मोटारीखालीं सांपडलेलें कुत्रें येतें. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांज्यानें पंख कापलेली घार येते; २०१७ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें हा मांजा बंद केला तरी तो पतंगांच्या मागें अजून उडतोच आहे.

आणि येते ती पोट फुगलेली गाय. हिच्याविषयीं आमच्या गृहिणींस दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. उरलेली भाजी, शिळी भाकरी, आंब्याच्या साली आपण प्लॅस्टिकच्या पिशवींत भरतों, वर घट्ट गांठ मारतों आणि कोंपऱ्यावर ठेवून येतों. गाईला गांठ सोडतां येत नाहीं. ती घांस निवडून खात नाहीं, आधीं गिळते आणि मग रवंथ करते. पिशवी पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत जाते आणि तेथेंच राहते. अशा पिशव्यांचा, सुतळीचा, खिळ्यांचा गोळा वर्षानुवर्षें वाढतो. भूक मंदावते, रवंथ थांबतो, दूध आटतें, आणि ‘भाकड झाली’ म्हणून ती सोडून दिली जाते. डाव्या कुशीला छेद देऊन पशुवैद्य तो गोळा हातानें बाहेर काढतात. वेळीं हात लागला तर तीच गाय पुन्हां उभी राहते. प्लॅस्टिकबंदीचा हुकूम २०१८ चा. गांठ मारण्याची संवय मात्र आपल्या हातची आहे. गोग्रास घालणारें घर आणि ही पिशवी बाहेर ठेवणारें घर बहुधा एकच असतें, हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, पण तें खरें आहे.

या उदाहरणांतच आमचें म्हणणें आलें. आधीं दवाखाना हवा, मग पांजरपोळ. बरें झालेलें जनावर धन्याकडे परत जातें आणि जागा रिकामी होते. नुसत्या आश्रयाला आलेलें जनावर मरेपर्यंत जागा अडवितें. आपल्याकडे बहुतेक संस्था उलट क्रमानें निघाल्या, आणि त्याचा इतिहास मुंबईंत पाहावयास मिळतो.

१८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. पारशी मंडळी पुढें होती. त्यांच्या धर्मांत कुत्रें पवित्र. दुकानें बंद झालीं आणि गोऱ्या साहेबांच्या घरीं जाणारी रसदहि अडली. दंगल शमली, पण त्यांतून निघालेली गोष्ट टिकली. १८३४ मध्यें जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकारानें, जैन आणि हिंदु व्यापाऱ्यांच्या सहकार्यानें, भुलेश्वरास पांजरपोळ स्थापन झाला. आजहि तो तेथें आहे. तो इतका टिकला यास केवळ देणगीदारांची उदारता कारण नव्हे. व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर आपखुषीनें एक लाग बसवून घेतला. कापूस वगैरे मालाची उलाढाल होई तसतसा त्यांतला ठराविक अंश पांजरपोळाच्या खात्यास जमा होई. कोणास घरोघर फिरावें लागलें नाहीं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आणावें लागलें नाहीं. बाजार चालला कीं गाईची वैरण चालली.

पन्नास वर्षांनीं परळास दुसरा प्रकार झाला. प्राण्यांस निर्दयतेनें वागविण्यास आळा घालणारी संस्था मुंबईंत १८७४ सालीं निघाली होती. पकडून आणलेले लंगडे घोडे व जखमी बैल ठेवावयाचे कोठें, हा तिच्यापुढचा प्रश्न गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें सुटला, आणि त्यांच्या पत्नीच्या नांवें बाई साकरबाई पेटिट जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें. त्याच परिसरांत १८८६ पासून मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. रोगी जनावरें एका बाजूस आणि शिकणारीं मुलें दुसऱ्या बाजूस. एकाची गरज तीच दुसऱ्याची शाळा! एका कुटुंबाच्या देणगीचें एवढें दूरवरचें फळ क्वचितच दिसतें. इमारत एका हातानें होते, पण तिच्यांतलें रोजचें औषधपाणी अनेक हातांनीं चालतें, हा भेद भुलेश्वर आणि परळ शेजारीं ठेवून पाहिला म्हणजे ध्यानांत येतो.

पांजरपोळांवर सर्वांत कठोर टीका केली ती गोभक्त म्हणविणाऱ्या एका पुरुषानेंच. १९२४ च्या डिसेंबरांत बेळगांवास काँग्रेस भरली असतां तेथेंच गोरक्षण परिषद झाली आणि महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. चौंडे महाराजांसारखे प्रचारक त्या चळवळींत होते. गांधींचें सांगणें थोडक्यांत असें: शहराच्या बोळांत कोंडलेलीं गुरें म्हणजे गोरक्षण नव्हे, संस्था मोकळ्या रानांत न्याव्या, तेथें उत्तम वळू व दुग्धालय ठेवावें, आणि मेलेल्या जनावराचें कातडें, हाडें वायां न घालवितां त्याचें उत्पन्न जिवंत जनावरांकडे वळवावें. पुढें वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनीं त्याच धोरणानें चर्मालय चालविलें. आमच्या कित्येक वाचकांस हा शेवटचा भाग वाचतांना नाक मुरडावेंसें वाटेल. पण पायांत चामड्याची वहाण घालून गोरक्षणाची वर्गणी देणाऱ्यानें ती वहाण आपल्या मरणानें मेलेल्या जनावराची असावी एवढी तरी इच्छा धरावी कीं नाहीं?

आतां हिशेबाकडे वळूं, कारण सद्भावना जेथें संपते तेथें हिशेब सुरू होतो. साडेतीनशें-चारशें किलो वजनाच्या गाईला रोज सुमारें दहा किलो सुकें वैरण किंवा तेवढ्या सत्त्वाचा हिरवा चारा लागतो. शंभर जनावरें म्हणजे दिवसाला एक टन, वर्षाला तीनशें पासष्ट टन. सोलापूरच्या वैशाखांत एकेक जनावर पन्नास-साठ लिटर पाणी पितें. म्हणजे शंभरांना रोज पांच-सहा हजार लिटर, शेण धुण्याचें वेगळेंच. गडी, वीज, लाळ-खुरकूत व घटसर्पाच्या लसी, भूल, टांके, सलाइन हीं निराळीं. २०२४ च्या सप्टेंबरांत राज्य सरकारनें नोंदलेल्या गोशाळांतील देशी गाईमागें रोज पन्नास रुपये देण्याचें ठरविलें, तें योग्यच झालें. परंतु संकरित गोऱ्हा, म्हैस, गाढव, कुत्रें यांस त्या पन्नासांतला एक पैसाहि नाहीं. दुखणें मात्र जात पाहून येत नाहीं.

कुत्र्यांविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण तेथें दयेबरोबर आपल्या मुलांच्या जिवाचाहि प्रश्न आहे. पिसाळरोग एकदां अंगांत भिनला कीं औषध नाहीं. चावल्याबरोबर साबणपाण्यानें पंधरा मिनिटें जखम धुणें आणि लगेच लस घेणें, एवढाच तरणोपाय. शेजारच्या गोव्यांत दरसाल हजारों कुत्र्यांस लसी टोंचण्याचें काम चिकाटीनें चाललें, आणि २०२१ मध्यें तें राज्य पिसाळरोग-नियंत्रित म्हणून जाहीर झालें. सोलापुरांतल्या दवाखान्यानें नसबंदी व लस या दोन गोष्टी सातत्यानें केल्या तर ज्यांस जनावरांचें प्रेम नाहीं अशांनीहि वर्गणी द्यावी, असें तें काम आहे. वर्गणी मागावयास जातांना हें आवर्जून सांगावें.

वर्गणी मागण्याचा अनुभव ज्यांनीं घेतला त्यांस ठाऊक आहे कीं लोक दगडाला देतात. पत्र्याच्या छपराखालीं संगमरवरी पाटी बसवावयाची म्हटली कीं पाकिटें उघडतात. जंतुनाशकाच्या बाटलीवर कोणाचें नांव कोरतां येत नाहीं. पाटी द्यावी, त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र आमची सूचना अशी कीं इमारतीसाठीं येणाऱ्या प्रत्येक रकमेचा अर्धा भाग कायम ठेवींत जावा आणि हें पावतीवरच छापलेलें असावें. मोठ्या कंपन्यांस आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधींतून प्राण्यांच्या कल्याणासाठीं खर्च करतां येतो, तशी तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यांत आहे. यंत्रें, क्ष-किरण, रुग्णवाहिका त्यांच्याकडे मागावी. वैरण मात्र गांवानें घालावी.

ती कशी, याला आपल्याकडे दाखला आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यांतून १९०८ मध्यें तळेगांवास काचेचा कारखाना निघाला. मागणी इतकी लहान होती कीं नाहीं म्हणण्याचीच लाज वाटावी. सोलापूरचा बाजार आज कांद्याच्या गोण्यांनीं भरलेला असतो. चादरींचे आणि टॉवेलांचे गठ्ठे येथून देशभर जातात. गोणीमागें, गठ्ठ्यामागें चार आठ आण्यांच्या मोलाचा स्वेच्छेचा लाग व्यापाऱ्यांनीं मान्य केला तर भुलेश्वराची गोष्ट येथें पुन्हां घडूं शकेल. घरांसाठीं आमची योजना याहून साधी आहे. ज्या घरीं गोग्रासाची चाल मोडली आहे, त्या घरानें त्या घांसाचे रोज दोन रुपये डब्यांत टाकावे. महिन्याचे साठ होतात. हजार घरें मिळालीं तर महिन्यास साठ हजार. शंभर जनावरें पोसण्यास हे पुरणार नाहींत, परंतु दवाखान्यांतल्या औषधांचें कपाट भरलेलें राहील. आणि दर महिन्यास त्या घरीं हिशेबाचा एक कागद पोंचावा: किती आलीं, किती बरीं होऊन गेलीं, किती मेलीं. मेलेल्यांचा आंकडा लपविणाऱ्या संस्थेस आम्ही तरी दुसऱ्यांदा पैसा देणार नाहीं.

राहिला प्रश्न वेळेचा. रब्बीचा शाळू माघ-फाल्गुनांत निघतो आणि कडबा स्वस्त असतो तो तेव्हांच. वैशाखांत त्याचा भाव ऐकवत नाहीं. ज्या संस्थेच्या हातीं फाल्गुनांत पैसा नाहीं, ती वर्षभर महाग वैरण घालते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते संक्रांतीस. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, जिल्ह्याबाहेरून माणसें लोटतात, जनावरांच्या बाजारासहि ही यात्रा पूर्वापार प्रसिद्ध आहे. निधि मागण्यास याहून योग्य जागा आणि वेळ या गांवीं दुसरी नाहीं. यात्रेंत जमलें तर महिन्या-दोन महिन्यांत त्याचा कडबा होऊन गंजीस लागेल. तेव्हां डबे करून घेणें आणि पावतीपुस्तकें छापणें, हीं कामें मार्गशीर्षांतच उरकलीं पाहिजेत.